कोकणात राहायला आलात? मग आगोटीपासून सुरुवात करा

चौदा वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यातून बदली होऊन गुहागर तालुक्यात आले, तेव्हा मे महिना सरत आला होता. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि शेजारच्या काकी त्यांच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, विचारत होत्या, "बाई, आगोट भरलीत का?" बदलीच्या काळात इतके फॉर्म भरले होते, की आगोट हाही एखादा फॉर्मच असेल असं मला वाटलं. "अजून नाही, उद्या तालुक्याला जाऊन भरते," मी म्हटलं. काकी तोंडाला पदर लावून हसल्या. वाडीत आजही हा किस्सा सांगतात.

आगोट म्हणजे मृगाच्या आधीची बेगमी. लाकडं, तांदूळ, सुकी मासळी, मीठ-मिरची, झडपं, सगळं पाऊस लागायच्या आत घरात घेणं. ज्यांचं बालपण इथं गेलं त्यांना हे शिकवावं लागत नाही. पण बँकेत, शाळेत, एसटीत, दवाखान्यात बदलून आलेली माणसं, निवृत्तीनंतर चिऱ्याचं घर बांधून राहायला आलेले मुंबईकर, लॅपटॉप घेऊन इथून काम करणारी तरुण मुलं, या सगळ्यांना पहिलं वर्ष जड जातं. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. माझा अनुभव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठचा आहे. रायगडात आणि सिंधुदुर्गात शब्द थोडे बदलतील, पाऊस तोच.

पहिलं काम: घर बघायच्या आधी पाणी बघा

भाड्याचं घर असो की विकतची जागा, मालक तुम्हाला समुद्र दाखवेल. तुम्ही घराच्या मागे जा. मागे डोंगर आहे का, तो कापून जागा सपाट केली आहे का, कापलेल्या उभ्या मातीला गडगा किंवा भिंत आहे का, वरून येणारा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, कुठून वाहतो आणि त्याची वाट कुणी बुजवली तर नाही ना, हे बघा. उन्हाळ्यात पऱ्या म्हणजे पातेऱ्यानं भरलेली एक घळ दिसते. तिथंच कुणीतरी गाडी लावायला जागा केलेली असते. जुलैत त्याच घळीतून पाणी गरजत येतं. मालकाला विचारण्यापेक्षा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "पाणी कुठपर्यंत येतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. तो हात लक्षात ठेवा.

नदीकाठच्या गावांत आणखी एक चौकशी करायची. पाटबंधारे खात्यानं पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नकाशा बघायला मिळतो. वासिष्ठीकाठी चिपळूण, जगबुडीकाठी खेड, सावित्रीकाठी महाड, अर्जुना आणि कोदवलीच्या काठी राजापूर, ही गावं पुराची सवय असलेली आहेत. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत जे पाणी चढलं, त्यानं सवयीच्या माणसांनाही फसवलं. "२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर येणार नाही" अशा हिशेबानं माळ्यावर ठेवलेला माल भिजला. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ आता पुढची शंभर वर्षं सुटका, असा नव्हे. एका पिढीत दोनदा चिखल उपसलेली माणसं चिपळुणात भेटतील.

दरडीचं तसंच. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळीये गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली; खेड तालुक्यात पोसरे इथंही दरड आली. वर लाल माती, खाली कातळ, मधे पाणी मुरतं आणि वरचा थर घसरतो. त्याआधी डोंगर बहुतेक वेळा काहीतरी सांगतो. जमिनीला नवी भेग, कललेलं झाड किंवा विजेचा खांब, अचानक गढूळ झालेला झरा, नीट लागणारं दार एकाएकी अडकू लागणं. यातलं काहीही दिसलं आणि पाऊस चालू असला तर विचार करत बसू नका. कागदपत्रांची पिशवी उचला, शेजाऱ्यांना हाक मारा, बाहेर पडा, आणि मग फोन करा. रात्री दरड आली तर पळायला वेळ मिळत नाही. म्हणून मुसळधार पावसाच्या रात्री डोंगराच्या बाजूच्या खोलीत झोपायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

धरणाखाली घर घेत असाल तर चिपळूण तालुक्यातलं तिवरे आठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटलं आणि खालची वाडी वाहून गेली.

दुसरं काम: भिंतीवर एक कागद

मोबाइलमधले नंबर रेंज गेली आणि बॅटरी संपली की उपयोगाचे नाहीत. मोठ्या अक्षरांत लिहा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा: ११२ पोलीस आणि सर्व तातडीची मदत, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९१२ वीज, १५५४ तटरक्षक दल. त्याखाली गावातली माणसं लिहायची: सरपंच, पोलीसपाटील, तलाठी (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (कागदावर ग्रामपंचायत अधिकारी), आशाताई, वायरमन, आणि रिक्षावाला. शेवटचे दोघे सगळ्यात महत्त्वाचे, हे मी अनुभवानं सांगते.

हे नंबर फोनवर मागू नका. स्वतः जा. चहा घ्या. कोकणी माणूस पहिल्या भेटीत फार बोलत नाही, पण कोण कुठे राहतो ते बरोबर लक्षात ठेवतो. आम्ही आलो त्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री अडीचला दार वाजलं. पोलीसपाटील इरलं घेऊन उभे होते. खाडीचं पाणी पाणंदीपर्यंत आलं होतं आणि "त्या नव्या बाईंकडे दोन लहान मुलं आहेत" हे त्यांना आठवलं होतं. मे महिन्यातल्या एका चहाच्या बदल्यात मिळालेली ही हाक आहे.

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, गरोदर असेल, डायलिसिसवर असेल तर आशाताईला जूनच्या आत सांगून ठेवा. बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर शेवटचा आठवडा तालुक्याच्या गावी, रुग्णालयाजवळ काढायचा. आमच्याकडे साकव, म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल, बुडाला की वाडी दोन-दोन दिवस तुटते.

तिसरं काम: आगोट

आता मुख्य गोष्ट. ३१ मेच्या आत हे उरकायचं. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, पण वादळाला पंचांग कळत नाही. तौक्ते १६ मे २०२१ ला आमच्या किनाऱ्यावरून गेलं. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगडपर्यंत कौलं, पत्रे, सुपारीच्या बागा आडव्या करून गेलं. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

घर कौलारू असेल तर शाकारून घ्या. कौलं चाळणारा माणूस एप्रिलमध्येच सांगून ठेवावा लागतो. मे संपताना तो देवालाही सापडत नाही. फुटकी कौलं बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का बघायचं, पन्हळी साफ करायच्या. पत्र्याचं छप्पर असेल तर हुक आणि वॉशर तपासा. पश्चिमेकडच्या पडवीला झडप लावायचं. आमच्या काकी अजून नारळाच्या झावळ्या विणून लावतात. आम्ही हिरवी जाळी आणि प्लास्टिकचा कागद लावतो, आणि दर वर्षी आमचाच फाटतो. घरावर वाकलेल्या फांद्या आणि सुकलेला माड उतरवून घ्या. माड तोडणारा वेगळा, तोही आधी सांगून ठेवायचा.

सामानाचं म्हणाल तर तांदूळ, डाळी, कुळीथ, कांदे, मीठ. लाकूडफाटा आणि शेणी, गॅस असला तरी, कारण सिलिंडरची गाडी रस्ता बंद झाला की येत नाही. सुकट, सोडे, सुके बोंबील, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी मिळाली तर खाडीची, तीही महाग. विजेरी, सेल, भरून ठेवलेली पॉवर बँक. दोन आठवडे पुरतील एवढी रोजची औषधं, रक्तदाब-मधुमेहवाल्यांनी महिन्याची. पिण्याचं पाणी साठवायला झाकणाचं पिंप, क्लोरीनच्या गोळ्या, कारण पावसात विहिरीला वरचं पाणी मिळतं. आणि जाड काठी.

कागदपत्रं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकावर एक. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, जागा स्वतःची असेल तर सातबारा आणि आठ-अ. एक काम लोक विसरतात: पाऊस लागण्याआधी घराचे, छपराचे, बागेचे फोटो काढून ठेवा. नुकसान झालं तर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. तेव्हा "इथे चाळीस पोफळी होत्या" असं सांगणं आणि फोटो दाखवणं यांत फरक पडतो. पडलेलं झाड पंचनाम्याआधी तोडून बाजूला केलं म्हणून आमच्या ओळखीतल्या एकांची नोंदच झाली नाही. रस्ता मोकळा करायलाच हवा असेल तर आधी फोटो.

चौथं काम: आभाळ आणि खाडी वाचायला शिका

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांचा अर्थ मिलिमीटरमध्ये घ्या. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. आमच्या जतला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा इथं तीन-चार दिवसांत पडताना मी पाहिला आहे. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे गरज नसताना हलू नका. रंग पूर्ण जिल्ह्याला असतो हेही ध्यानात ठेवा. गुहागरला ऊन असताना चिपळूण पाण्यात असू शकतं, कारण वासिष्ठीचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून येतं आणि त्यात कोयनेच्या वीजघरातून कोळकेवाडीमार्गे सुटणारं पाणीही मिळतं. म्हणून आपल्या अंगणातल्या पावसापेक्षा घाटावरचा पाऊस विचारायचा.

विजेसाठी 'दामिनी' ॲप ठेवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजा पडतात, आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, तुम्हीच सगळ्यात उंच असता. ढग गडगडले की सडा सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

भरती-ओहोटीचं गणित मात्र ॲपवर सोडू नका. इथल्या खलाशांकडे एक सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोनदा, सुमारे साडेबारा तासांच्या अंतरानं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं आणि खाडीच्या आतल्या गावांत पाणी उशिरा पोचतं, पण घराबाहेर पडताना एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ.

हे का शिकायचं? पौर्णिमेच्या रात्री, सव्वाअकराच्या सुमारास, वरून नदीला पूर आलेला असेल तर समोरून चढणारी भरती ते पाणी समुद्रात जाऊ देत नाही. खाडीकाठचं पाणी तेव्हा वाढतं. त्या रात्री गाडी उंचावर लावायची आणि खालच्या फळीवरची पुस्तकं वर टाकायची. काकी हे कॅलेंडर न बघता करतात.

पाचवं काम: समुद्राशी ओळख लांबूनच

बंदरावर बावटा लागला की बोटी आत येतात. तीन नंबरचा बावटा म्हणजे खवळलेला समुद्र. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरतात ती त्या दिवशी जाळी शिवत बसतात, आणि आपले पाहुणे चप्पल काढून पाण्यात शिरतात. मला याचं कोडं कधी सुटलं नाही.

गणपतीपुळ्यापासून काशीदपर्यंत माणसं बुडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात. बुडणारी बहुतेक घाटावरची, म्हणजे माझ्या मुलखातली. लाटांच्या पांढऱ्या रांगेत मधेच एक शांत, काळपट पट्टा दिसतो. नवख्याला तीच सुरक्षित जागा वाटते. तिथूनच पाणी परत आत ओढतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. काठावर असाल तर बुडणाऱ्यामागे उडी मारू नका; दोर, रिकामा कॅन, थर्मासचा मोठा डबा, जे तरंगेल ते फेका. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात पायही घालू नये, असं माझं मत आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, त्या काही उगाच नाहीत.

गाडी वाळूवर उतरवू नका. ओहोटीला टणक वाटलेली वाळू भरतीला चाक गिळते. दर मोसमात दोन-तीन गाड्या समुद्राला वाहिल्या जातात आणि ट्रॅक्टरवाल्यांची चांगली कमाई होते.

रस्त्यावरचं थोडक्यात. साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघाभर ओढीचं पाणी माणसाला पाडतं आणि खालचा साकव शाबूत आहे की नाही ते वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा मागून येणाऱ्या गाड्यांना अंधारात काहीच दिसलं नव्हतं. घाटानं जायचं असेल तर निघण्याआधी चौकशी करा. वरंधा, आंबोली, परशुराम, सगळीकडे दरड येते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, त्यामुळे जोडगाडी पकडायची असेल तर हाताशी पुरेसा वेळ ठेवा. तुटलेली तार दिसली तर तिच्याजवळ जाऊ नका, इतरांना अडवा आणि वायरमनला फोन लावा.

सहावं काम: दंश आणि ताप

मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं इथं रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरपूर. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, चिऱ्यांच्या ढिगात, गवतात, लाकडांच्या मोळीत बसलेलं. आगोटीसाठी रचलेली लाकडं काढताना आधी काठीनं हलवायची. मघाशी यादीत काठी होती ती यासाठी. रात्री खळ्यात उतरताना विजेरी आणि बंद चप्पल. चावलं तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट बांधायचं नाही. माणसाला आडवं ठेवा, हातपाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा आणि सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही आणि ते हळू चढतं, म्हणून "काही होत नाहीये" म्हणत घरी बसणाऱ्यांचं नुकसान होतं. मांत्रिकाकडे नेऊ या असं कुणी म्हटलं तर भांडू नका. गाडी चालू करा आणि त्यालाही बसवा.

लाल विंचवाला हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः मुलांच्या बाबतीत. पूर्वी या दंशानं माणसं दगावत. महाडच्या बाजूला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, थंड हातपाय, उलटी, धाप अशी लक्षणं दिसली की वेळ घालवू नका.

लावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येतो. उंदीर-गुरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून जंतू शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं. डॉक्टरांना "मी शेतात, चिखलात काम केलं" हे न विचारता सांगा, कारण निदान तिथून सुरू होतं. शेतात उतरणार असाल तर आरोग्य केंद्रात प्रतिबंधक गोळ्यांची चौकशी करा. आणि दोडामार्गच्या बाजूला राहायला गेलात तर हिवाळा-उन्हाळ्यात माकडतापाची माहिती घ्या. तो गोचिडीतून येतो, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचं.

आता कामाचं, पोटाचं आणि ओळखीचं

आतापर्यंत वाचून कुणाला वाटेल, मग इथं राहायचंच कशाला? राहायचं अशासाठी की या किनाऱ्यावर हाताला काम आहे. फक्त ते महिन्यांप्रमाणे येतं, आणि ज्याचा महिना चुकला त्याचं वर्ष जातं.

जुलै ते सप्टेंबर हा कलमं बांधायचा काळ. कोय कलम, मृदुकाष्ठ कलम शिकलेल्या माणसाला रोपवाटिकांमध्ये बोलावून नेतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यांची प्रशिक्षणं होतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या जाती तयार झाल्या. शेती करायची नसली तरी जाऊन या, डोळे उघडतात. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते. मासळी विकत घेऊन पुढे द्यायची असेल तर हर्णैचा लिलाव दोन-चार संध्याकाळ नुसता उभं राहून ऐका, बोटांची भाषा कळल्याशिवाय बोली लावू नका. फेब्रुवारीपासून काजू, मार्चपासून आंबा, एप्रिल-मेमध्ये कोकम. तोडणी, प्रतवारी, पेटी भरणं, आमसुलं, आगळ, मुरंबे. आंब्या-काजूसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. त्याची मुदत आंबा मोहरायच्या आधीच संपते, म्हणून दिवाळीनंतर लगेच कृषी सहायकाकडे जा.

बायकांसाठी सगळ्यात सरळ दार बचतगटाचं. 'उमेद' किंवा 'माविम'चा गट तुमच्या वाडीत असणारच. नवीन बाईला लगेच घेतील असं नाही, आधी वर्ष-सहा महिने बघतात. मला दीड वर्ष लागलं. वेंगुर्ल्याला महिलांचा एक गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो, वेळासला घरोघरी पाहुणे उतरतात कारण फेब्रुवारी ते एप्रिल तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथं कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं. घरात दोन खोल्या रिकाम्या असतील तर पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणीची चौकशी करा. पण पाहुणे ठेवायचे तर भरतीची वेळ दारावर लिहून ठेवायची जबाबदारीही आली.

पैशाशिवायचंही काम आहे, आणि नवख्या माणसाला ते जास्त लवकर जमतं. इथल्या वाड्यांत तरुण मुंबईला आणि घरात सत्तरीची दोन माणसं, असं चित्र आहे. तुमच्याकडे गाडी आहे, स्मार्टफोन आहे, वाचता-लिहिता येतं. 'महाडीबीटी'वर शेतकऱ्याचा अर्ज भरून द्या, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला आजोबांना तालुक्याला न्या. मी गेली बारा वर्षं रविवारी सकाळी ओटीवर बसून लोकांचे फॉर्म भरते. काकी येणाऱ्याला सांगतात, "बाईंकडे जा, त्या आगोटपण भरतात." तुम्ही तरुण असाल तर जिल्हा आपत्ती कक्षात 'आपदा मित्र' प्रशिक्षणाबद्दल विचारा, दोर, बोट, प्रथमोपचार शिकवतात.

गणपतीत चाकरमानी येतात, वाडी भरते, आरत्यांना सगळ्या घरी जायचं असतं. बोलावण्याची वाट पाहू नका. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. तुमच्याही दारी येईल. अंगण सारवा, रांगोळी काढा, ओटीचं सामान तयार ठेवा आणि काय करायचं ते कळलं नाही तर शेजारणीकडे बघून करा. जमीन, मान, भावकी यांचे जुने वाद त्याच सुमारास वर येतात, त्यात मत देऊ नका. निदान पहिली दहा वर्षं.

कोरडे महिने सोपे वाटतात, पण भातकापणीला ऑक्टोबरमध्ये सापच साप असतात. नोव्हेंबरातही समुद्र फिरतो, ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ इथले मच्छीमार विसरलेले नाहीत. फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत वाळतं, एका विडीनं वणवा पेटतो आणि कुणाची तरी वीस वर्षांची कलमं जातात. बागेभोवतीचं गवत जानेवारीतच कापून जाळपट्टा काढा, वाऱ्याच्या दिवशी पातेरा पेटवू नका. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात एप्रिलमध्ये टँकर येतो, हे पहिल्या वर्षी खरं वाटत नाही. पागोळ्यांचं पाणी टाकीत घेण्याची सोय शाकारतानाच करून ठेवलेली बरी.

मग १ मे येतो. त्या दिवशी ग्रामसभा असते; २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही असते, पण पावसाळ्याच्या दृष्टीनं हीच महत्त्वाची. मतदारयादीत नाव आलं की तुम्हाला तिथं बोलायचा हक्क आहे, त्यामुळे नाव आधी लावून घ्या. वाडीतले पऱ्ये आणि गटारं कोण साफ करणार, धोक्याची झाडं कोण तोडणार, पूर आला तर शाळेची किल्ली कुणाकडे असेल, हे तीन प्रश्न लिहून न्या आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका. आमच्याकडे शाळेची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. पऱ्या साफ करायला पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सगळे जमतात. फावडं आपलं आपण आणायचं, पेज काकींकडे.